एकट्याची आगोट

शिमगा आटोपला आणि दुसऱ्याच दिवशी बायको लेकीकडे पनवेलला गेली. चार दिवसांत येते म्हणाली. वैशाख निम्मा सरला तरी तिचे ते चार दिवस काही सरत नव्हते.

लेकीचं काही अडलं होतं म्हणावं, तर तसंही नाही. आजारपण नाही, भांडण नाही, जावई म्हणजे गरीब गाय. तरी फोन केला की नवं काहीतरी निघायचंच. एकदा काय तर नातीची परीक्षा, एकदा काय तर खिडक्यांना डासांची जाळी बसवायला माणूस यायचाय. "अगं, तो जाळीवाला काय तुझं तोंड बघितल्याशिवाय जाळी बसवत नाही का?" मी म्हणायचो. ती हसायची, विषय बदलायची आणि मी फोन आपटायचो. मोबाईल धड आपटताही येत नाही, फुटतो. म्हणून गादीवर आपटायचो.

मी रागीट आहे हे आधीच सांगून टाकतो. आयुष्याची सत्तावीस वर्षं मी एका कंपनीत पॅकिंग खात्यात काढली. साहेब माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, आणि तो सगळ्यांसमोर बोट नाचवून बोलायचा. मी ऐकून घ्यायचो आणि घरी येऊन बायकोवर खेकसायचो. ऐकून घ्यायचं ते कशासाठी, तर हॉलमध्ये सोफा हवा, बेडरूमला एसी हवा, लोकांच्या लग्नात द्यायला पाकिटं हवीत. एक दिवस स्वेच्छानिवृत्तीचा कागद खात्यात फिरला. तो फिरून दुसऱ्या टेबलावर जायच्या आत मी सही केली. बायकोला संध्याकाळी सांगितलं.

लेकीचं लग्न झालेलं होतं. पनवेलचं घर मी सामानासकट तिला देऊन टाकलं आणि आम्ही दोघं इथं आलो, श्रीवर्धनच्या अलीकडच्या एका गावात. माझ्या वडिलांनी घेऊन ठेवलेली लहानशी वाडी होती. तीत मी दोन खोल्या बांधल्या, पुढं पडवी, मागं विहीर. तीसेक पोफळी आणि पाच माड. मधल्या वादळात निम्म्या पोफळी आडव्या झाल्या, उरल्या त्या आम्हाला पुष्कळ. घरात टीव्ही नाही, फ्रीज नाही, मिक्सर नाही. पंखा एक, तोही पाहुणा आला तर. गॅस होता, पण तो मी अडीअडचणीला ठेवलेला. वाडीत झावळ्या पडतात, त्या कशाला कुजवायच्या? चूल पेटवायची. माझे कपडे म्हणजे दोन लुंग्या, दोन सदरे आणि बाहेर जायचा एक.

आणि मी सुखी होतो. हे मी खोटं सांगणार नाही, आजही नाही. सकाळी उठून पडवीत बसायचं आणि आज आपल्याला कुणीही काहीही म्हणू शकत नाही हे आठवायचं, यासारखी चैन मी जन्मात केली नव्हती. शेजाऱ्याने वाडी तोडून पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या. शनिवार जवळ आला की त्याची धावपळ सुरू व्हायची. एसी गळतोय, पाहुण्याला पापलेट हवंय, कुणी मोबाईलवर वाईट लिहून ठेवलंय. मी कुंपणापलीकडून विचारायचो, "काय शेठ, आज कितीजणांची बोलणी खाल्ली?" तो चिडायचा. मला ज्यांची गरज नव्हती त्या वस्तू मी मनातल्या मनात मोजायचो आणि खूश व्हायचो. संध्याकाळी आम्ही दोघं समुद्रावर जायचो. रात्री कुळथाची पिठी, भात आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील. राजालासुद्धा मिळायचं नाही असं ते जेवण, असं मी रोज म्हणायचो आणि ती वाढत असायची.

तीही सुखी आहे असं मी धरून चाललो होतो. विचारलं कधीच नाही. त्यात काय विचारायचं?

तर वैशाख निम्मा सरला होता आणि आगोट भरायची वेळ झाली होती. पावसाच्या चार महिन्यांचं सामान उन्हाळा संपायच्या आत घरात भरून ठेवायचं, त्याला आमच्याकडे आगोट म्हणतात. सुकी मासळी, मसाला, जाडं मीठ, चिंच, आमसुलं, कांद्याच्या माळा, कडधान्य, लाकूडफाटा. आता दुकानं बारा महिने उघडी असतात, फोन केला तर पोरं गाडीवरून किराणा दारात आणून टाकतात. तरी आगोट भरल्याखेरीज पावसाळ्याला तोंड द्यायचं या भागात कुणाला सुचत नाही. मला तर तो सणच वाटायचा. एकदा डबे भरले की चार महिने जगाशी देणंघेणं नाही. पाऊस काय पडायचा तो पडो, होड्या बंद राहोत, रस्ता खचो, आम्हाला काय फरक पडतोय!

माझ्या डोक्यात आलं ते असं. ती येत नाही ती आगोटीच्या कामाला भिऊन. वय झालं, कंबर दुखते, म्हणून टाळते आहे. तेव्हा यंदाची आगोट आपण भरायची. मग तिला यायला काय हरकत राहील? मी लगेच फोन लावला.

"यंदा आगोट मी भरतो. तू फक्त ये आणि बसून खा."

तिकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तुम्ही?"

"का? सत्तावीस वर्षं माल पॅक करून देशभर पाठवलाय मी. चार डबे भरायला काय होतंय?"

"बोंबील तेवढे बघून भरा हं. उन्हात घातले की लगेच..."

"मला शिकवतेस?" मी म्हटलं आणि फोन गादीवर गेला. पण त्याआधी मी 'येशील ना' विचारलं होतं आणि ती 'बघते' म्हणाली होती. 'बघते' म्हणजे येतेच, असा अर्थ मी लावला.

कोळीवाड्यातून एक मावशी आठवड्यातून दोनदा पाटी घेऊन यायची. वर्षानुवर्षं आमच्याकडे मासळी घालणारी, माझ्यापेक्षा मोठी, तोंडाची फटकळ. तिच्याकडून बोंबील घेतले, जवळा घेतला, थोडे सोडे, म्हणजे सुकी कोलंबीही घेतली. ती पाटी उतरवून पडवीत बसली आणि आत डोकावली.

"वहिनी न्हाय आल्या अजून?"

"येणार आहे. आगोट भरून झाली की येणार."

"मंग भरनार कोन?"

"मी."

मावशीने तोंडावर पदर धरला. "बरं हाय," म्हणाली. मला तिचा रागच आला.

काम सुरू केलं आणि दुसऱ्या दिवशी कळलं की आजवर मी आगोट भरलेलीच नव्हती. मी बाजारातून पिशव्या आणून पडवीत टाकायचो आणि 'झाली आगोट' म्हणायचो. त्या पिशव्यांचं पुढं काय व्हायचं ते मी पाहिलंच नव्हतं. जवळा निवडायला बसलो तर दुपार गेली. त्यातली वाळू, काड्या, शिंपल्यांचे तुकडे काढता काढता डोळ्यांना पाणी आलं. मिरच्यांचे देठ काढले आणि तोच हात चुकून डोळ्याला लावला, मग तासभर विहिरीवर. चिंच फोडायची, चिंचोके काढायचे, मीठ लावून गोळे करायचे. कांदे पातीला पात गुंफून माळ करायची, ती माझी तीनदा सुटली. चौथ्यांदा मी त्या कांद्यांना जे काही बोललो ते लिहिण्यासारखं नाही. आणि हे सगळं करताना पाणी काढायचं, भांडी घासायची, चूल फुंकायची ती वेगळीच. आजवर सकाळी दोन कळश्या भरून दिल्या की आपला वाटा उचलला असं मी समजत होतो.

तरी मी हटलो नाही. बोंबलांना तीन दिवस कडक ऊन दिलं. कावळ्यांसाठी काठी घेऊन बसलो. चौथ्या दिवशी भर दुपारी, हाताला चटके बसत होते तेव्हाच, गरमागरम डब्यांत भरले. माझा हिशेब सरळ होता. उन्हातून थेट डब्यात, मग ओल शिरायला जागा कुठून राहणार? झाकणाच्या कडेने चिकटपट्टी मारली, ती कंपनीत मारायचो तशी, एक सुरकुती नाही. जवळ्याचं तसंच, सोड्यांचं तसंच. डबे फळीवर ओळीने लावले आणि फोटो काढून लेकीच्या मोबाईलवर पाठवला. तिकडून अंगठ्याचं चित्र आलं. बायकोचं काय म्हणणं, ते लेकीने कळवलं नाही.

ती आली नाही. पाऊस लागला, गावात भाताची लावणी सुरू झाली, तरी आली नाही. आता म्हणे रस्ते खराब आहेत.

एक दिवस संध्याकाळी मी पहिला डबा उघडला. झाकण निघताच जो वास आला त्याने मी दोन पावलं मागं सरलो. बोंबलांवर हिरवी-पांढरी बुरशी, खाली चिकट पाणी. दुसरा डबा तसाच. जवळ्याचा लगदा झालेला. सोडेसुद्धा गेले. मी तिथंच फळीखाली बसलो. चार दिवसांची काय ती मेहनत, पण मला रडू आलं ते मेहनतीसाठी नव्हतं. ती येईल म्हणून मी ते केलं होतं, आणि तिनं येऊन उघडून बघायचं तेही या घाणीत गेलं होतं.

पावसात मावशीची पाटी बंद असते, पण ती रेशनच्या दुकानात भेटली. मी सांगून टाकलं.

"गरमच भरलात व्हय?" ती म्हणाली. "अवो, डब्यात घाम सुटला त्यांना! सावलीला गार व्हायाला नगो? येवढं पन ठाव न्हाय?"

एवढंही ठाऊक नव्हतं. या किनाऱ्यावरचं शेंबडं पोरही सांगेल अशी गोष्ट, आणि मी इथला वाडीवाला. डबे रिकामे करून सगळं माडांच्या बुडाशी पुरलं, निदान खत तरी होईल. हात धुतले. वास गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घराला कुलूप घालून मी एसटीत बसलो. म्हसळा, माणगाव करत, खड्ड्यांतून हाडं खिळखिळी करून घेत, दुपार कलता कलता पनवेलला पोचलो. वाटेत ठरवलं होतं, रागवायचं नाही. हात धरून घेऊन यायचं.

दार लेकीने उघडलं. "बाबा! अहो, फोन तरी करायचा."

"आई कुठाय?"

"खाली असेल. या वेळी तिच्या बायका जमतात."

तिच्या बायका! इमारतीखाली गाड्या लावायच्या जागेत सात-आठ खुर्च्या मांडलेल्या, बाहेर पाऊस चाललेला. ती माझ्याकडे पाठ करून बसली होती आणि काहीतरी सांगत होती. मी जिन्याच्या तोंडाशी थांबलो. ती माझी नक्कल करत होती. "अगं, दिवा कशाला लावलास, अजून उजेड आहे की!" अगदी माझा आवाज, माझा हात. बायका पोट धरधरून हसत होत्या. एकीने मला पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. बायको वळली. तिच्या तोंडावरचं हसू लगेच गेलं नाही, हळूहळू गेलं. इतकी वर्षं संसार केला, पण असं हसताना मी तिला पाहिलेलं नव्हतं.

बायका पांगल्या. आम्ही दोघं त्या खुर्च्यांवर बसलो. मी बोंबलांचं सांगितलं. तिला हसू आवरेना. डोळे पुसत म्हणाली, "संध्याकाळी सावलीत सुपात पसरून गार करायचे असतात हो. तेच सांगत होते तुम्हाला. तुम्ही फोन ठेवलात."

"चुकलं माझं," मी म्हटलं. हा शब्द माझ्या तोंडून तिने क्वचितच ऐकला असेल. "चल घरी."

 ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"तुम्हाला खरं सांगू का? मला तिथं वाईट नव्हतं. समुद्रावर जायचो ते आवडायचं. कुणाची उठबस नाही, कुणाला दाखवायचं नाही, ते पण आवडायचं. पण समुद्रावर बसले की माझं अर्धं लक्ष घरी, चुलीवर पाणी ठेवलेलं असायचं. तुम्ही म्हणायचात, बघ कसं मोकळं वाटतं. तुम्हाला वाटायचं. मी दमायचे."

"मग बोलायचं होतंस."

"कुणाशी? तुम्ही नोकरी सोडलीत, मी काही म्हटलं नाही. तुमची होती, सोडलीत. पण हे घर, हा ओटा, ही मोरी, ती खिडकीतली तुळस, हे माझं होतं. मांडलं होतं मी. तुम्ही सगळं देऊन टाकलंत आणि तेही नोकरीसारखंच संध्याकाळी येऊन मला सांगितलंत. माझं कुणाला विचारून टाकलंत?"

  समोरच्या गाडीवरून पाणी ओघळत होतं, मी तिकडे बघत बसलो. नाकाला मिरच्या झोंबायला हव्या होत्या, पण झोंबल्या नाहीत. नुसतं गार पडल्यासारखं झालं.

"पाऊस संपला की बघू," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच परतलो. येताना लेकीने डबा दिला होता, तो एसटीत उघडलाही नाही.

पुढचे तीन महिने मी जे केलं ते सगळं एका गोष्टीसाठी केलं. पाऊस संपल्यावर ती येईल तेव्हा तिला दिसलं पाहिजे की या घरात आता तिला राबायचं नाही. मी पुन्हा आगोट भरली, भर पावसात. मावशीने आपल्या घरच्यातले थोडे बोंबील काढून दिले, वर शंभर सूचना दिल्या, आणि मी त्या मान खाली घालून ऐकल्या. चूल बंद केली. ज्याने फुंकायची नाही त्याने तिचं कौतुक करू नये, हे मला फार उशिरा कळलं. गॅसवर सकाळी एकदाच रांधायचं, दोन वेळा खायचं. ताटं दोन, वाट्या दोन, बाकीची भांडी माळ्यावर टाकली. चादरी धुताना कंबरेचे टाके ढिले झाले तेव्हा जाड चादरी काढून पातळ घेतल्या. पूर्वी मी वस्तू कमी करायचो, आता काम कमी करायला शिकलो. या दोहोंत किती फरक आहे तो मला आधी कळला नव्हता, कारण काम माझं नव्हतंच.

रोज संध्याकाळी तिला फोन करायचो. पिठीत गुठळ्या का होतात? आधी गार पाण्यात कालवा, मग उकळीत सोडा. आमसूल कधी घालायचं? शेवटी. भाताला पाणी किती? बोटाच्या पेरानं मोजा. मी वहीत लिहून घ्यायचो. एकमेकांशी आम्ही इतकं कधी बोललोच नव्हतो. एकदा तिने विचारलं, "आज काय केलंत?" आणि मी अर्धा तास बोलत राहिलो, ती ऐकत राहिली. फोन मी आता गादीवर आपटत नव्हतो, हळू ठेवायचो.

एका दुपारी पाऊस थांबला होता. पडवीत बसून मी माझी स्वतःची पिठी खाल्ली. गुठळी नाही, आंबट बरोबर, लसूण जळलेली नाही. घरात धुतलेले कपडे, घासलेली दोन भांडी, आणि संध्याकाळपर्यंत करायचं काहीही नाही. तेव्हा मला जे वाटलं ते आधीच्या सगळ्या सुखापेक्षा वेगळं होतं. आधीचं सुख मी दुसऱ्याच्या कंबरेवर बसून घेतलं होतं. हे माझ्या हातचं होतं. मी एकटाच हसलो आणि लगेच वाटलं, हे तिला कधी दाखवीन.

दसरा झाला आणि ती आली. एसटीतून उतरली तेव्हा तिची पिशवीसुद्धा मी तिला धरू दिली नाही. घरात तिला कशाला हात लावू दिला नाही. पडवीत बसवलं, चहा केला, भात केला, पिठी केली, बोंबील भाजला. ती जेवली. दोनदा पिठी घेतली. मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि एकेक डबा उघडून बघू लागली. मी दारात उभा, कंपनीत साहेब माल तपासायचा तेव्हा राहायचो तसा. बोंबील तिने नाकाशी धरले, मोडून बघितले. "कडक आहेत," म्हणाली. मला आभाळ ठेंगणं झालं.

पाच-सहा दिवस ती राहिली. उशिरा उठायची. मी कपडे वाळत घालायचो, ती दोरीखाली खुर्ची टाकून बसायची आणि पनवेलच्या बायकांच्या गोष्टी सांगायची. माझी नक्कल माझ्यासमोर करून दाखवली, मी हसलो. संध्याकाळी समुद्रावर गेलो तर अंधार पडेपर्यंत ती वाळूत पाय पसरून बसली. "उठायचं का?" मी विचारलं. "कशाला? काय आहे घरी?" ती म्हणाली. मला वाटलं, जिंकलो. आता ती कुठं जात नाही. परत येताना मी मनात पुढच्या वर्षीचे बेत करत होतो.

सकाळी उठलो तर ती अंघोळ करून, साडी नेसून तयार. पिशवी भरलेली.

"कुठं निघालीस?"

"पनवेलला. दिवाळी आली ना, फराळाचं करायला बायका थांबल्यात माझ्यासाठी."

"आणि परत?"

ती चपला शोधू लागली. मी सदरा घातला आणि तिच्याबरोबर निघालो. स्टँडवर गाडी लागलेली होती. मी तिची पिशवी वर ठेवली. ती खिडकीशी बसली. मी खाली उभा राहिलो.

"एक सांगू?" खिडकीतून वाकून ती म्हणाली. तिचा चेहरा इतका मोकळा होता की मला आधी बरंच वाटलं. "तिकडे जीवाला चैन नसायची माझ्या. घास घेताना मनात यायचं, यांनी काय खाल्लं असेल, अंगावर धुतलेलं असेल का. वाटायचं, जावंच लागणार आपल्याला, आज नाही तर उद्या. आता नाही तसं वाटत. सगळं छान जमलंय तुम्हाला. किती बरं केलंत हो!"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आनंदाचं.

मला ओरडून सांगायचं होतं की मला काही जमत नाही. भात करपतो, बोंबील पुन्हा सडले, घरात उंदीर झालेत. पण ती सहा दिवस जेवून निघाली होती, प्रत्येक डबा तिने स्वतः उघडून बघितला होता. कंडक्टरने दोरी ओढली.

"सावकाश जा," मी म्हटलं.